ट्रॅक्टरवरचा टेप एवढा मोठा का वाजतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊस हंगाम तोंडावर आला की याच सदरात ट्रॅक्टरवरच्या टेपबद्दल पत्रं यायला लागतात. यंदाही आली. मध्यरात्र उलटल्यावर दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडावरून जातो, तान्हं बाळ दचकून उठतं, आजारी माणसाचा डोळा लागलेला असतो तो उघडतो. ही तक्रार सोळा आणे खरी आहे. मी मिरजेचा. आमचं गाव दवाखान्यांचं. १८९४ साली वानलेस साहेबांनी इथं इस्पितळ काढलं तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण इथं येऊन पडतात. त्यांच्या उशाशी रात्री काय आवाज येतो ते मला कुणी सांगायला नको.

पण या पत्रांमधून एक समज पक्का होत चालला आहे. ट्रॅक्टरवाली पोरं माजलीत, त्यांनी ढीगभर वॅटचे टेप बसवलेत, ते काढून घेतले की संपलं, असा. मला हा समज खोडायचा आहे. गाड्यांना डेक (म्हणजे टेपचं यंत्र), स्पीकर आणि अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारं खोकं) बसवणं हाच माझा धंदा. मोटारी, वडापच्या म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीप, छोटा हत्ती, ट्रक, ट्रॅक्टर, सगळं हाताखालून गेलं आहे. एकच डेक आणि एकच स्पीकरची जोडी या सगळ्यांत फिरवली आणि आवाजाचा आकडाही तोच ठेवला, तरी प्रत्येक ठिकाणी तो वेगळा वाजतो. आतल्याला किती ऐकू येणार आणि बाहेरच्याला किती त्रास होणार, हे बऱ्याच अंशी गाडीचा साचा ठरवतो. हे ध्यानात घेतल्याशिवाय केलेली कारवाई दोन दिवस टिकते आणि तिसऱ्या दिवशी टेप पुन्हा सुरू होतो.

आधी वॅटचं बोलतो, कारण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न तोच असतो. डेकच्या खोक्यावर चार गुणिले पन्नास वॅट असं ठळक छापलेलं असतं. ते क्षणभराच्या कमाल ताकदीचं माप आहे. गाडी चालू असताना वायरीत साधारण १४ व्होल्ट असतात आणि तेवढ्यात ४ ओहमच्या स्पीकरला डेक सलग १५ ते २० वॅटच देऊ शकतो, मग कंपनी कुठलीही असो. ट्रॅक्टरची बॅटरीही मोटारीसारखीच १२ व्होल्टची. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, तिथं साधा डेक लावायचा तर मध्ये कन्व्हर्टर घालावा लागतो, एवढाच फरक. बरं, वेगळा अ‍ॅम्प लावून वॅट वाढवले तरी मिळतं काय? दुप्पट वॅट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, तो कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्याला वॅट दहापट लागतात. म्हणून वॅटवर बंदी घालून फारसं काही साधत नाही.

आता गाडीकडं येऊ. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर तिचा आवाज शेजारच्यापर्यंत पोचत नाही, खाली भोपळा आला की बैठक भरून जाते; मिरजेतल्या सतारमेकरांच्या दारावरून शाळेला गेलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. बंद मोटारीची केबिन बेससाठी, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांसाठी, त्या भोपळ्याचं काम करते, फक्त तिची रीत वेगळी. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, बेसची लाट जवळपास ७ मीटर लांब असते. अडीच-तीन मीटरच्या केबिनमध्ये ती मावतच नाही. मग आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते, आणि तो दाब थेट कानाच्या पडद्यावर येतो. केबिन जेवढी आखूड, तेवढी ही मदत वरच्या सुरापासून मिळायला लागते. अडीच मीटरच्या केबिनमध्ये ती ७० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, साडेतीन मीटरच्या सात सीटर गाडीत ५० च्या खाली. तिथून खाली पुस्तकातल्या हिशेबानं दर सप्तकाला १२ डेसिबल मिळायला हवेत. प्रत्यक्षात पत्रा लवतो, दाराच्या रबरातून हवा निसटते, त्यामुळं तेवढे मिळत नाहीत. पण जे मिळतात ते फुकटात, एक वॅट न वाढवता.

म्हणूनच लहान हॅचबॅकमध्ये दहा इंची एक बुफर (बेसचा मोठा स्पीकर) छाती हलवतो. तोच बुफर मोठ्या गाडीत टाकला की मालक दुसऱ्या दिवशी परत येतो, ‘अण्णा, बुफर गेला वाटतं.’ बुफर ठणठणीत असतो, फक्त गाडी बदललेली असते. सेडानमध्ये आणखी निराळी अडचण. डिकी वेगळी असते, मागच्या सीटची पाठ आणि तिच्यावरचा पत्रा मध्ये आडवे येतात. बेस डिकीतच घुमत राहतो, नंबरप्लेट खडखडते, मालकाला आत कमी ऐकू येतं म्हणून तो आणखी वाढवतो आणि मागून येणारा दुचाकीवाला वैतागतो. मागच्या सीटमधला हात टेकायचा भाग ज्या गाडीत डिकीत उघडतो, तिथं तो उघडून द्यावा, बुफरचं तोंड तिकडं करावं आणि डिकीच्या झाकणाला आतून पत्र्याची थरथर दाबणारं डॅम्पिंग शीट मारावं. आवाज कमी ठेवूनही आत पुरेसा मिळतो. हे काम मी मनापासून करतो, कारण त्यानं मालक आणि रस्ता दोघंही सुखी होतात.

काच खाली करून मोठ्यानं लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. काच उघडली की आतला दाब निसटतो, बेस पडतो, वरून वाऱ्याचा आणि टायरचा आवाज आत येतो. मग हात आपोआप बटणाकडं जातो. काच वर केली असती तर कमी आवाजात जास्त ऐकू आलं असतं. पुणे-बंगळूर महामार्गावरून येणारी गाडी साताऱ्यात किंवा कराडात शिरून सिग्नलला थांबते तेव्हाही हेच घडतं. ऐंशीच्या वेगाला जुळवलेला आवाज थांबलेल्या गाडीत तसाच राहतो आणि शेजारच्या रिक्षातल्या आजीला तो सोसावा लागतो. नव्या गाड्यांपैकी कित्येकांत वेग उतरला की आवाज आपोआप उतरतो, ही फार चांगली सोय आहे. ज्यांच्या गाडीत ती असूनही बंद पडली आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी.

वडापच्या जीपबद्दल थोडंच सांगतो. तिथं स्पीकर मागच्या बाकड्याच्या वर, माणसांच्या डोक्यामागं असतात आणि चालक पुढं. चालकाला बरा वाटणारा आवाज मागच्या माणसाच्या कानाला हातभर अंतरावरून बसतो. स्पीकर पुढच्या दारांत घ्या, काम झालं.

खरा विषय ट्रॅक्टरचा आहे.

ट्रॅक्टरला केबिन नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना वर कापडी किंवा फायबरचं छत, बाकी चारी बाजू उघड्या. म्हणजे मोटारीला फुकट मिळणारी बेसची मदत इथं शून्य. उलट इंजिन समोर, उभा सायलेन्सर तोंडापुढं. भरल्या ट्रॉल्या ओढताना चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो, कधी त्याच्याही वर. काचा बंद केलेल्या मोटारीत महामार्गावर तो ७० च्या आसपास असतो. हा २० डेसिबलचा फरक कागदावर लहान दिसतो, पण ताकदीच्या मापात तो शंभरपट आहे. गाण्याचे शब्द कळायचे तर गाणं इंजिनाच्या वर जायला हवं. मोटारीतला साधा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतो. उघड्यावर, इंजिनापुढं त्याचा टिकाव लागत नाही. मग पोरगा बाजारातून भोंगा आणतो. भोंगा त्याच १ वॅटला १०५ च्या आसपास देतो. त्यात बेस नाही, सगळा जोर माणसाचा कान जिथं सर्वांत तिखट असतो त्याच पट्ट्यात. चालकाला गाणं एकदाचं ऐकू येतं, आणि अख्ख्या पेठेलाही.

यात माज कुठं आहे? फडात मोळ्या भरून निघालेला पोरगा काट्यावर आणि गाडीतळावर तास न् तास नंबर लावून थांबतो, रात्रीच परत खेपेला निघतो. डोळ्यावरची झापड उडवायला त्याच्याकडं चहा आणि टेप एवढंच असतं. त्याला झोप लागली तर दोन भरल्या ट्रॉल्या काय करतील याचा विचार तक्रार करणाऱ्यांनीही करावा. आणि त्याच वेळी हेही खरं की असा टेप त्याचाच घात करतो. एवढ्या गोंगाटात मागून ओव्हरटेक करणाऱ्या एसटीचा हॉर्न दोन ट्रॉल्या ओलांडून त्याच्यापर्यंत पोचत नाही. कानाचं गणित तर फारच कडक आहे. जगभर मानलं जाणारं कामगारांसाठीचं माप ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास देतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. हंगामात रोज रात्रभर १०० च्या आसपास ऐकणाऱ्या पोराच्या कानाचं काय होत असेल? गोंगाटानं गेलेला कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. बोलण्यातले स, श, त, थ पुसट होतात, आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत. माझ्या दुकानात अशी तिशीच्या आतली पोरं येतात. बोलताना माझ्या ओठांकडं बघतात आणि ‘काय म्हणलासा?’ असं पुन्हा पुन्हा विचारतात. गेलेला कान औषधानं परत येत नाही.

गेल्या हंगामाआधी बेडगकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. विशी-बाविशीचा, हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या खुणा. सीटच्या मागं लोखंडी पट्ट्यांचं स्टँड, त्यावर दोन भोंगे, तोंडं मागं ट्रॉलीकडं. त्याला आणखी दोन हवे होते. ‘अण्णा, इंजिनापुढं कायबी ऐकू येईना बघा,’ म्हणाला. मी त्याला सीटवर बसवून विचारलं, ‘आवाज चाललाय कुठं? तुझ्या पाठीमागं. तुझ्या कानाला त्यातलं काय उरतंय?’

भोंगे काढले. छताच्या पुढच्या पाइपाला, त्याच्या डोक्याच्या दोन्ही अंगांना, पाण्याला दाद न देणारे दोन पाच इंची स्पीकर फायबरच्या छोट्या खोक्यात घालून लावले, तोंडं खाली, कानाच्या दिशेनं. डावा पाइप इंजिनाबरोबर थरथरत होता आणि खोकं त्याच्यासंगं किरकिरत होतं, म्हणून क्लॅम्पखाली ट्यूबच्या रबराची पट्टी घातली. मग इंजिन चालू करून थ्रॉटल चढवायला लावला. गाणं सुरू झालं. थोडा वेळ तो नुसता ऐकत बसला आणि मग स्वतःच हात लांबवून आवाज दोन घरं खाली घेतला. त्याला खाली उतरवून रस्त्याच्या पलीकडं नेलं, पोऱ्याला सीटवर बसवलं. ‘हितनं तर नुसतं इंजिनच ऐकू येतंय की!’ हे तो म्हणाला तेव्हा मला जो आनंद झाला तो मोठी सिस्टीम बसवून कधी होत नाही.

यात जादू नाही, अंतराचा हिशेब आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. भोंगा कानापासून २ मीटरवर असेल आणि कानाला १०० डेसिबल हवे असतील, तर ८ मीटरवरच्या घराच्या ओट्यावर ८८ पोचतात. स्पीकर कानापासून अर्ध्या मीटरवर आणला, तर कानाला तेच १०० मिळूनही ओट्यावर ७६ पोचतात. ताकद लागते सोळाव्या हिश्शाची. आणि एवढ्या जवळ आल्यावर १०० ची गरजच राहत नाही, पोरं आपणहून कमी करतात. भोंग्याची तोंडं गावाकडं असतात, छतातल्या स्पीकरची खाली. तिखट आवाज सरळ रेषेत धावतो, त्यामुळं प्रत्यक्ष फरक या हिशेबाहूनही चांगला पडतो.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरच्या जाहीर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. पण मीटर हातात घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. नियमातले डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हे माप कानासारखं, म्हणजे खालचे सूर कमी मोजणारं. ५० हर्ट्झच्या बेसमधून ते ३० डेसिबल वजा करतं. त्यामुळं भोंग्याचा ट्रॅक्टर मीटरवर लगेच सापडतो, आणि ज्या बंद मोटारीच्या बेसनं घरातली भांडी हलतात ती मीटरवर सौम्य दिसते. वरचे सूर पत्रा आणि काच अडवतात, बेस मात्र पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यातून सहज पार होतो. म्हणूनच बाहेर गाणं कळत नाही, फक्त धप धप येतं. सांगलीच्या विश्रामबागेत रात्री उशिरा फिरणाऱ्या अशा गाड्यांबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. ट्रॅक्टरवाला गरीब आणि उघड्यावर, म्हणून तोच दर वेळी सापडतो, हे मला खटकतं. कारवाई करायची तर दोघांवर करा. त्याला मीटरही लागत नाही: रात्री रस्त्याच्या पलीकडं उभं राहून ट्रॅक्टरवरच्या गाण्याचे शब्द कळले, किंवा बंद मोटारीचा ठोका छातीला जाणवला, की तो आवाज जास्त आहे.

टेप जप्त करून काय होतं तेही पाहिलं आहे. चौथ्या दिवशी मोबाईल, एक स्वस्तातला अ‍ॅम्प आणि तोच भोंगा पुन्हा स्टँडवर चढतो. म्हणून माझं म्हणणं, टेप राहू दे, स्टँड काढा. हंगामाआधी वाहतुकीचे करार होतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घेतले जातात. त्याच दिवशी, त्याच आवारात, सीटच्या मागचे भोंगे उतरवून स्पीकर छताखाली घ्यायला लावणं कारखान्यांना अजिबात जड नाही. करारात एक ओळ घालावी: भोंगा चालणार नाही, आणि गावठाणातून व शहरातून जाताना रात्री १० नंतर टेप बंद. पोलीस आणि आरटीओच्या साहेबांनी नुसती पावती फाडण्याऐवजी भोंगा उतरवून घेऊन स्पीकर कुठं लावायचा ते दाखवावं. ट्रॅक्टर मालकांनी चालकाला कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन द्यावेत. ते इंजिनाचा भणभणाट कापतात आणि जवळचं गाणं तरीही ऐकू येतं. किंमत चहाएवढी.

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड इथल्या माझ्या धंदेवाल्या भावांनाही विनंती आहे. उघड्या गाडीवर मागं तोंड करून भोंगा बसवू नका. गिऱ्हाईक हट्ट करेल, शेजारच्या दुकानात जाईन म्हणेल. जाऊ द्या. त्याला एकदा छताखालचा स्पीकर ऐकवा, बहुतेक जण ऐकल्यावर भोंगा मागत नाहीत. स्पीकरमध्ये नफा भोंग्याहून कमी सुटत नाही, मी स्वतः हिशेब करून बघितला आहे.

कारखान्यांचे बॉयलर पेटेपर्यंत जो ट्रॅक्टरवाला भोंगे उतरवून स्पीकर छताखाली घ्यायला माझ्याकडं येईल, त्याच्याकडून मी मजुरी घेणार नाही. स्पीकर त्याचे, क्लॅम्प, वायर आणि रबर माझं. ज्या कारखान्याला आपल्या आवारात हे काम करून घ्यायचं असेल तिथं मी आणि माझी दोन पोरं हत्यारं घेऊन येऊ. आपल्या कार्यालयाकडं माझा पत्ता दिला आहे, ज्यांना हवा असेल त्यांना तो जरूर द्यावा.

आपला,
एक गाडी-साऊंड फिटर,
मिरज, जि. सांगली